हात चालू होते

आत्या राहत होती ती इमारत पाडायची ठरली आणि सगळ्या गोतावळ्याला आत्याची काळजी वाटू लागली. तोवर वाटत नव्हती असं नाही, पण ती फोनवर भागत होती.

खरं म्हणजे ती तिच्या भावाच्या मुलाचीच तेवढी आत्या. पण शहराच्या पोहण्याच्या तलावावर तिने उभी हयात काढली होती, त्यामुळे जो तो तिला आत्याच म्हणे. बँकेतले साहेब, दातांचे डॉक्टर, बसचा कंडक्टर, सगळ्यांच्या नाकातोंडात कधी ना कधी आत्याच्या देखत पाणी गेलेलं. लग्न तिने केलं नव्हतं. आता नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज अजून असा की तिने खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या रस्त्यावरची सायकल थांबायची.

भाऊ तिच्याहून मोठा, त्याला ती दादा म्हणायची. बायको गेल्यापासून तो मुला-सुनेकडे राहत होता. इमारतीची बातमी कळताच त्याने तिथली मागची खोली रिकामी करून घेतली आणि आत्याला कळवलं, "एक पलंग, एक कपाट, एक खिडकी. एकट्या जिवाला आणखी काय लागतं?"

आत्या हो म्हणाली. का म्हणाली हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. जागा शोधायचा कंटाळा आला होता, आणि या वयात भावाच्या तोंडावर नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. तिच्याकडे कारण होतं, पण ते इतकी वर्षं गिळून बसली होती की आता काढायचं कसं हाच प्रश्न होता.

रविवारी सकाळी दादा आणि सून आले. सून टपालखात्यात कामाला, त्यामुळे वर्गवारीत तिचा हात बसलेला. तिने आल्या आल्या ओढणी कमरेला खोचली, तीन कोपरे ठरवले आणि जाहीर केलं, "आत्या, हा न्यायचा कोपरा, हा द्यायचा, हा टाकायचा. मधे काही ठेवायचं नाही. मधे ठेवलेलं कधी पोचत नाही."

दादाने घरातली एकमेव हातांची खुर्ची पकडली आणि काठीने हुकूम सोडायला सुरुवात केली.

"ही पातेली कशाला? आमच्याकडे आहेत की."

"तुमच्याकडे आहेत ती तुमची आहेत," आत्या म्हणाली. पण पातेली द्यायच्या कोपऱ्यात गेली.

असंच सगळं जात राहिलं. दोन खोल्यांचं सामान एका कपाटात बसवायचं म्हणजे हत्तीला टोपलीखाली झाकण्यातला प्रकार. न्यायचा कोपरा काही केल्या वाढेना आणि टाकायचा कोपरा दारापर्यंत आला. मधेच एक कापडी पिशवी निघाली. तिच्यात मुलांच्या केसांच्या पिना, एकेक कानातलं, तुटक्या पट्ट्यांचे चष्मे, एक दुधाचा दातसुद्धा. तलावाच्या तळाशी सापडलेल्या वस्तू. कुणी ना कुणी मागायला येईल म्हणून ठेवलेल्या.

"दात मागायला येणार कुणी?" सून हसली.

"आला असता. ज्याचा होता तो आता न्यायाधीश आहे. त्याला अजून तोंड मिटून श्वास घेता येत नाही."

मग एक रेशमी कापड निघालं, फिकट गुलाबी, घडीवर विरलेलं. आत्या तिशीच्या आत असताना एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता, हसायचा छान. त्याच्या घरच्यांनी हे कापड पाठवलं आणि सोबत एक अट: लग्नानंतर मुलीने पाण्यात उतरायचं नाही, शिकवायचंही नाही. आत्याने निरोप पाठवला, की मुलगा पसंत आहे, अट परत घ्या. त्यांनी मुलगा परत घेतला. कापड तेवढं राहिलं. पुढे आत्या त्यात तलावाच्या स्पर्धांच्या ढाली गुंडाळून ठेवायची.

"तेव्हाच ऐकलं असतंस तर आज तुझी नातवंडं असती," दादा म्हणाला.

"शहरभर आहेत," आत्या म्हणाली. "आणि एकाचाही लंगोट मला धुवावा लागला नाही."

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग सुनेने स्टुलावर चढून कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

आत्याने ती कित्येक वर्षांत उघडली नव्हती. बिजागऱ्या गंजलेल्या. आत काळा लोकरी पोहण्याचा पोशाख, कसर लागून खांद्याशी चाळण झालेला. रबरी टोपी, हात लावताच तुकडे पडणारी. जाड काचांचा चष्मा. आणि अंगाला फासायच्या चरबीचा डबा, तिचा आता दगड झालेला.

"अगं बाई, हे ते का?" सुनेने विचारलं. घरात ही गोष्ट माहीत नसलेलं कुणी नव्हतं, तरी वस्तू ती पहिल्यांदाच पाहत होती.

दादा खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा उजळला. आत्याला तो उजेड ओळखीचा होता. लग्नाकार्यात, आजारपणात, नव्या पाहुण्यांसमोर, जिथे जिथे ती गोष्ट निघायची तिथे तिथे तो असाच उजळायचा.

"हेच ते," तो म्हणाला. "बेटावरून निघाली पहाटे. वीस वर्षांची पोर. किनारा गाठायचा म्हणून. मी नावेत. दुपारनंतर वारा सुटला, लाटा अशा, पुरुषभर. हिला उलट्या. ओठ काळेनिळे. हिला पोहायला शिकवणारा मास्तर म्हणतोय पोहू दे, पंच म्हणतोय पोहू दे. त्यांचं काय जातंय? बहीण माझी! मी मागचा पुढचा विचार केला नाही, खाली वाकलो, काखेत हात घातला आणि ओढून घेतली वर. हे बघ." त्याने बाही सरकवून मनगट पुढे केलं. त्यावर दातांचा जुना वण होता. "चावली मला. बुडणारा माणूस असाच करतो, वाचवणाऱ्यालाच चावतो. मी नसतो तर आज ही पेटी उघडायला ही उरली नसती."

आणि बोलता बोलता त्याने तो पोशाख दोन बोटांनी उचलला आणि टाकायच्या पोत्यात सोडला. "नको त्या आठवणी. अपयश काय कपाटात ठेवायचं असतं?"

आत्या जमिनीवर बसली होती. ती हाताचा टेकू घेऊन उठली, पोत्याकडे गेली, पोशाख बाहेर काढला, झटकला आणि न्यायच्या कोपऱ्यात ठेवला.

"दादा, मी बुडत नव्हते."

"काय?"

"मी बुडत नव्हते. मी पोहत होते. तू मला वाचवलं नाहीस. थांबवलंस."

खोलीत चिकटपट्टी कापल्याचा आवाज आला, तेवढाच. सुनेने कात्री खाली ठेवली.

"हे बघ, तुला आठवत नसेल," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "तू शुद्धीवर नव्हतीस. आईला हाका मारत होतीस."

"मी हात मोजत होते. शंभर झाले की परत एकपासून. उलटी झाली ती मोठ्या पाण्यात सगळ्यांना होते. ओठ निळे होणारच, पहाटेपासून पाण्यात होते, भट्टीत नव्हते. मला दीपगृह दिसत होतं. किनाऱ्यावरची माणसं दिसत होती, कुणीतरी पांढरं फडकं हलवत होतं. प्रवाह आडवा होता म्हणून मी जागच्या जागी होते. तो वळायची वाट बघत होते. मास्तरांनी ओरडून सांगितलं होतं, आता वळेल, मग सुटशील. आणि तेवढ्यात तू हात लावलास. नियम तुला ठाऊक होता. हात लागला की संपलं."

"तू तिथं असतीस तर तुला कळलं असतं माझी काय अवस्था..."

"मी तिथं नव्हते? मग पाण्यात कोण होतं, तुझी सासू?"

सुनेला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात दडवलं. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी जीव वाचवला म्हणून आज जीभ चालतेय तुझी!"

"हेच. हेच ऐकत आले मी. आईने मला तुझ्या पाया पडायला लावलं, आठवतं? ओल्या केसांनी. बाबा म्हणाले, आता पुन्हा नाही, देवाने एकदा भाऊ नावेत दिला. ज्या गिरणीने या पोहण्याला पैसे दिले होते तिने हात वर केले. मी पुन्हा उतरले असते रे. पुढच्याच वर्षी उतरले असते. पण बुडता बुडता वाचलेल्या पोरीला कोण सोडतंय? अपयश म्हणतोस. अपयश माझं असतं तर मी ते कपाळावर मिरवलं असतं. हे तर तुझं यश आहे आणि मी ते जन्मभर सांभाळत बसले."

त्यानंतर काही दिवसांनी ती बंदरावर त्या नावेच्या नावाड्याला शोधत गेली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. म्हातारा जाळं विणत बसला होता. तिने विचारलं, काका, तुम्ही बघत होतात, मी बुडत होते का? त्याने मान वर न करता म्हटलं, पोरी, तुझे हात चालू होते. एवढंच. त्या वाक्यावर ती पुढचं सगळं आयुष्य पोहली. तलावावर नोकरी लागली तेव्हा तिने आपल्यापुरता कायदा केला: पोर रडो, ओरडो, पाणी पिवो, जोवर हात चालू आहेत तोवर त्याला हात लावायचा नाही. लांब बांबू घेऊन ती काठाकाठाने बरोबर चालायची. बांबूचं टोक पोराच्या नाकापासून वीतभर, पण लागायचं नाही. एकदा एका आईने तिला कसाबीण म्हटलं आणि तक्रार केली. आत्याने वरिष्ठांना सांगितलं, हात थांबले तर त्यांच्याआधी मी पाण्यात असते, विचारा हवं त्याला. त्या आईची मुलगी पुढे स्वतः पोरांना शिकवू लागली.

"मग मी काय करायला हवं होतं?" दादाचा आवाज चढला होता आणि फुटतही होता. "बघत बसायचं होतं?"

"हो. बघत बसायचं होतं. तेवढंच काम होतं तुझं."

"आणि मेली असतीस तर?"

"तर माझी मी मेले असते, दादा. तुझ्या हातची होऊन जगण्यापेक्षा ते बरं."

हे बोलल्यावर तिचं तिलाच वाटलं की जरा जास्त झालं. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. इतकी वर्षं ती मूग गिळून बसली होती ती काही भीतीने नव्हे. दादाचं नशीबच तसं होतं. छापखाना काढला तो बसला, पोल्ट्री काढली तर कोंबड्यांवर रोग, भागीदारी केली तर भागीदार पसार. सगळ्या आयुष्यात अंगावर घालून मिरवावा असा एकच कपडा त्याच्याकडे होता, आणि तो म्हणजे ही गोष्ट. चारचौघांत तो कसा ओढून काढायचा? म्हणून ती प्रत्येक वेळी पदर सावरत हसायची आणि उठून आत जायची. पण आज तो तिच्याच घरात बसून, तिच्याच वस्तू, तिच्या देखत पोत्यात टाकत होता. दयेलाही काठ असतो.

सुनेने विचारलं, "आत्या, तुम्ही पोचला असता?"

आत्याने विचार केला. खोटं बोलायचं आता काही कारण नव्हतं. "कोण जाणे. नसतेही पोचले. तेच तर बघायचं राहिलं."

दादाने काठी उचलली. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," असं काहीसं पुटपुटला आणि जिना उतरून गेला. खाली रिक्षाला हाक मारतानाचा त्याचा आवाज आला. सून खिडकीशी गेली, परत आली.

"जाऊ का मी त्यांच्याबरोबर?"

"तुझं तू बघ."

सूनबाई थांबली. तिने चहा टाकला. दोघींनी कपाटाला टेकून तो प्यायला, आणि चहा पिता पिता आत्याची नजर न्यायच्या कोपऱ्यावर गेली. चार कपडे, दोन चादरी, औषधांची पिशवी. त्यावर तो कसर लागलेला पोशाख. एवढी ती. बाकीची सगळी दारापाशी पोत्यात.

"पातेली इकडे आण," ती म्हणाली.

"न्यायची?"

"न्यायची. ती पिशवीही. दातासकट. हा आरसा, ती ढालींची पेटी, आणि खुर्ची. खुर्ची तर आधी."

"आत्या, मागच्या खोलीत हे सगळं मावणार नाही."

"मी मागच्या खोलीत येतच नाहीये."

सुनेने कप खाली ठेवला. आत्याला वाटलं आता ही समजूत घालणार. पण ती म्हणाली, "मग दोन पोती उगाच बांधली. आधी सांगायचं तरी." आणि गाठी सोडायला बसली.

जागा शोधायला आत्याला फार हिंडावं लागलं नाही. हिंडायचा कंटाळा हे निमित्तच होतं, हे तिला आता कळलं. तलावाच्या समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. खाली दिवसभर हवा भरायच्या पंपाचा फुसफुसाट, जिना उभा, नळाला पाणी सकाळीच. पण खिडकीतून सगळा तलाव दिसायचा, आणि वारा तिकडून असला की क्लोरिनचा वास थेट उशीपर्यंत.

पुतण्याचा फोन आला. "आत्या, तुझे गुडघे आणि तो जिना! लोक काय म्हणतील, भाऊ असून..."

"लोकांना म्हणावं, येऊन विचारा. जिना चढून येईल त्याला खरं सांगेन."

"बाबा जेवत नाहीयेत नीट."

आत्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "त्याला डाळीत मीठ कमी लागतं. बायकोला सांग." आणि फोन ठेवला.

सामान हलवायच्या दिवशी सून ऑफिसातून रजा काढून आली. दुकानातला सायकलवाला खुर्ची डोक्यावर घेऊन जिना चढला. काळा पोशाख आत्याने पेटीत परत ठेवला नाही. दाराच्या मागे खिळा होता, त्याला अडकवला, भोकांसकट. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय. ती सांगायची, "समुद्रात उतरले होते त्याचा. अर्ध्याहून जास्त पोहले. मग भावाने ओढून घेतलं." आवाज न चढवता, जसं घडलं तसं. पहिल्या दोन-तीनदा सांगताना ती मधेच पाणी प्यायला उठली. पुढे सवय झाली.

दादा आला नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. पानगळ होऊन तलावावर पिवळी पानं तरंगू लागली. आत्याने दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. ती चुकली असं तिला वाटत नव्हतं. करमत नव्हतं एवढंच. भांडायला हक्काचं माणूस दुसरं कुणी नव्हतं.

मग एका दुपारी जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. मधे शिवी. आत्या दार उघडून उभी राहिली, खाली उतरली नाही. तो वर आला तेव्हा घामाने निथळत होता.

"हा जिना आहे की शिक्षा?" तो म्हणाला आणि सरळ आत येऊन हातांच्या खुर्चीत बसला. बसताना दारामागचा पोशाख त्याने पाहिला. श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, "मी बरोबर होतो."

"चूक होतास. चहा घेणार?"

"घेणार. साखर घाल, घरी देत नाहीत."

चहा आला. दोघं टेबलाशी बसली. मग दादाने साखरेचा डबा उचलून टेबलाच्या एका टोकाला ठेवला.

"हे दीपगृह. बरोबर?"

"बरोबर."

"आणि ही नाव." त्याने बशी ठेवली, डब्यापासून लांब, पार आपल्या पोटाशी. "तू इथं होतीस."

आत्याने बशी उचलली आणि डब्याच्या जवळ नेली. "इथं."

"एवढं जवळ? शक्यच नाही. मी बघत होतो."

"तू माझ्याकडे बघत होतास. मी किनाऱ्याकडे."

दादाने बशीकडे पाहिलं. तिला हात लावावा की नाही असं त्याचं झालं होतं. बाहेर तलावावर संध्याकाळच्या वर्गाची पोरं जमत होती, कुणीतरी शिट्टी फुंकली. त्याने चहाचा घोट घेतला, कप ठेवला आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"पाण्यातून कसं दिसत होतं ते?"

आत्या खुर्ची ओढून पुढे सरकली. "लाटेवर असलं की दिसायचं," ती म्हणाली, "खाली गेलं की नाही. म्हणून मी लाटेची वाट बघायचे. तू ज्या लाटेला घाबरलास ना, तिच्यावरूनच मला सगळं दिसत होतं. दीपगृहाचा पट्टा, पायऱ्या, ते पांढरं फडकं. तोंड वर असायचं तेव्हा मी हसत होते, दादा."

"ते ओरडणं होतं."

"हसणं."

"मी नावेत होतो, मला..."

"मी तोंडात होते," आत्या म्हणाली, "तोंड माझं होतं," आणि बशी आणखी बोटभर पुढे सरकवली.